मामांचे चरित्र, मामींच्या तळटीपांसह

चरित्र कुणाचे लिहावे याबद्दल मराठीत एक अलिखित शिरस्ता आहे. ज्याचा पुतळा उभा राहिला, ज्याच्या नावाचा रस्ता झाला, निदान ज्याच्या नावाने एखादी व्याख्यानमाला अजून तग धरून आहे, अशाच माणसाचे चरित्र लिहायचे. आमच्या मामांच्या नावाचा रस्ता नाही. नारायण पेठेतल्या आमच्या बोळाला त्यांचे नाव द्यावे असे एकदा कुणीतरी सुचवले होते. पण बोळ पुढे जाऊन बंद होतो, अशी हरकत खुद्द मामांनीच घेतली आणि विषय संपला.

२००६ साली मामांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा कुणा उत्साही मंडळींनी स्मरणिकेसाठी एक छापील तक्ता पाठवला. नाव, जन्मसाल, शिक्षण, भूषविलेली पदे, मिळालेले पुरस्कार. मामांनी नाव आणि जन्मसाल भरले, शिक्षणापुढे ‘चालू आहे’ असे लिहिले आणि पदांच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून शेवटी लिहिले : ‘सैनिक, राष्ट्र सेवा दल, १९४१ पासून.’ मामी चष्मा पुसत म्हणाल्या, “अहो, पासष्ट वर्षांत बढती मिळाली नाही, तेही लिहा की.”

तरीही मामांचे चरित्र आहे. ते लिहिलेले नाही, मौखिक आहे, आणि मौखिक परंपरेतल्या सगळ्या ग्रंथांप्रमाणे त्याचे पाठभेद आहेत. पहिला मामांचा स्वतःचा पाठ. दुसरा माझ्या आईचा. आई शेंडेफळ, मामांहून अठरा वर्षांनी लहान. तिच्या पाठात मामांची उंची निदान सहा फूट आहे. तिसरा माझ्या मामेभावाचा. तो अगदी त्रोटक. चौथा पाठ नव्हेच. त्या मामींच्या तळटीपा. आकाराने बारीक, पण वरचा सबंध मजकूर उलथून टाकणाऱ्या. मी मराठी शिकवते, त्यामुळे अतिशयोक्ती अलंकाराचा परवाना माझ्याकडे आहेच. पण तो फारसा वापरावा लागणार नाही. ते काम आमच्या घराण्याने आधीच करून ठेवले आहे.

तर आईच्या पाठाप्रमाणे मामा १९३१ साली जन्मले ते सावधान स्थितीत. दोन्ही हात बाजूला, टाचा जुळलेल्या. सुईणीने पाठीवर चापटी मारली तेव्हा ते रडले नाहीत, त्यांनी ‘एक’ म्हटले. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, आणि त्याच वर्षी दहा वर्षांचे मामा संध्याकाळच्या शाखेत जाऊन उभे राहिले. मुले-मुली एकत्र, जात विचारायची नाही, खेळ, लेझीम, गाणी आणि शेवटी बौद्धिक, असा तो प्रकार. त्या काळच्या पेठांत मुलामुलींनी एकत्र खेळायचे म्हणजे धरणीकंपच! माझ्या पणजीने म्हणे मामांना आठ दिवस अंगणातच जेवायला वाढले. मामांना वाटले शिबिर आहे. त्यांनी जेवून पत्रावळ उचलली, जागा झाडली आणि पणजीला ‘उद्या वेळेवर’ अशी सूचना दिली.

शिट्टी त्याच सुमारास त्यांच्या गळ्यात आली ती कायमची. लहानपणी आम्ही सुटीत मामांकडे जात असू, तेव्हा सकाळी साडेपाचला पहिली शिट्टी होई. ती उठण्याची. दुसरी दात घासण्याची, तिसरी दुधाची. त्या शिट्टीने आम्ही मुलेच नव्हे, तर समोरच्या वाड्यातले एक पेन्शनर गृहस्थही उठत, आणि मामा दौऱ्यावर गेले की त्यांना दिवसभर झोप आवरत नसे. अलका टॉकीजच्या चौकात मामांनी एकदा रस्त्यापलीकडच्या मित्राला शिट्टी घातली, तर चारी बाजूंची वाहने थांबली, आणि पोलिसाने मामांकडे पाहून पुढच्या आज्ञेची वाट पाहिली. हे आई सांगते. मामी म्हणतात, “एक सायकलवाला थांबला होता. तोही शिव्या द्यायला.”

१९४२ च्या चळवळीत मामा अकरा वर्षांचे होते. भूमिगतांची एक चिठ्ठी शुक्रवारातून कसब्यात पोचवायची कामगिरी त्यांच्यावर आली. चिठ्ठी चपलेच्या दोन तळव्यांमध्ये शिवली होती. वाटेत पाऊस आला. मामांनी चिठ्ठी पोचवली, सैनिकाला साजेसा सलाम ठोकला आणि परत आले. चिठ्ठीचा लगदा झाला होता. इंग्रजांच्या हाती पडती तर त्यांना एक अक्षर लागले नसते. आपल्या माणसांनाही लागले नाही. या प्रसंगावर मामांचे भाष्य एवढेच असे की गुप्ततेच्या दृष्टीने कामगिरी शंभर टक्के यशस्वी झाली.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले, आणि त्याआधी महाराष्ट्रभर दौरा केला. मामा तेव्हा सोळा वर्षांचे. आईच्या पाठात गुरुजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पंढरपुरात शिरतात. मामांना हा पाठ मान्य नव्हता. ते म्हणत, “मी कोपऱ्यात बत्ती धरून उभा होतो. गुरुजी लांब होते. ऐकू येत होतं.” एवढेच. इतर सगळ्या ठिकाणी स्वतःला एक-दोन इंच उंच करून सांगणारा हा माणूस इथे मात्र एक सूतही पुढे सरकायला तयार नसे. ११ जून १९५० ला गुरुजी गेले, त्याबद्दल तर ते बोलतच नसत. त्या तारखेला मामांकडे शिट्टी होत नसे. ज्याला उठायचे तो आपला आपण उठे.

बत्ती हा मामांच्या चरित्रातला स्वतंत्र अध्याय आहे. वीज न पोचलेल्या गावात कलापथकाचा कार्यक्रम म्हणजे पेट्रोमॅक्स आली; स्पिरिट ओता, मेंटल जपा, पंप मारा, आणि वग रंगात आला की नेमकी बत्ती मंदावते म्हणून पुन्हा पंप मारा. सेवादलाच्या कलापथकाने महाराष्ट्राला काय काय दिले! वसंत बापटांसारखा कवी त्यात रमला, पु. ल. देशपांड्यांनी त्याच्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, निळू फुले आणि राम नगरकर त्यातूनच पुढे आले. मामांचे म्हणणे, दलाने रंगभूमीला तिसराही नट दिला असता, पण ऐन त्याच्या प्रवेशाच्या वेळी बत्तीला पंप मारायला दुसरे कुणी नव्हते. जुन्या छायाचित्रांत मामा कुठेही नाहीत. उजेड मात्र सगळ्या छायाचित्रांत आहे.

पोटासाठी ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना शंभर पावलांवरून दिसे. रजेच्या अर्जात तर कधीच चूक नसे, कारण त्याचा सराव फार. मालकाने शेवटी अर्जाचा नमुनाच छापून घेतला होता. मामांनी फक्त कारण भरायचे : पूर, दुष्काळ, शिबिर किंवा सत्याग्रह.

१९५५ साली गोव्याचा सत्याग्रह पेटला. १८ मे रोजी नानासाहेब गोरे यांची तुकडी गेली. मामांनीही नाव दिले होते. बांद्याच्या शिबिरात पोचल्यावर तिथल्या प्रमुखाने विचारले, शंभर माणसांचा स्वयंपाक कुणाला येतो? मामांनी शिस्तीत एक पाऊल पुढे टाकले. त्या एका पावलाने त्यांचा सत्याग्रह संपला. पुढचे अडीच महिने ते खिचडी ढवळत होते. कुठून कुठून माणसे येत. पंजाबातली, बंगालातली, भाषा कळत नसे, पण पान पुढे आले की झारा चालवायचा. मामांच्या खिचडीचे पहिले पातेले लागले, दुसरे कच्चे राहिले, आणि तिसऱ्यात मीठ दोन गटांनी स्वतंत्रपणे टाकले. पोर्तुगीजांच्या तुरुंगापेक्षा ही खिचडी भारी, असे म्हणत सत्याग्रही सरहद्दीकडे पळत सुटत.

इथपर्यंत आम्ही मुले हसत असू. मग मामा थांबत. १५ ऑगस्टला सकाळी हजारो लोक निःशस्त्र सरहद्द ओलांडून गेले, आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पत्रादेवीला करनैल सिंग पडला. आणखीही पडले. ज्यांना सकाळी वाढले त्यांतले कोण परत आले आणि कोण नाही, हे मामांना कळायला मार्ग नव्हता. त्यांना नावे ठाऊक नव्हती, फक्त कोण जास्त मागून घेतो आणि कोण नको म्हणतो एवढेच ठाऊक होते. संध्याकाळी खिचडी उरली. ती किती उरली हे ते हात पसरून दाखवत, आणि त्या मापात मात्र अतिशयोक्ती आहे असे मला कधीच वाटले नाही.

लग्न १९५७ साली झाले. मामी कोल्हापूरकडच्या, वेगळ्या जातीच्या, शाळेत शिक्षिका, ओळख शिबिरातली. नोंदणी पद्धतीचा विवाह. नोटीस महिनाभर कचेरीच्या फळ्यावर लागलेली, तेवढ्या अवधीत दोन्हीकडच्या आप्तांनी ती वाचून दोन्ही घरांशी संबंध तोडून घेतले, त्यामुळे जेवणावळीचा खर्च आपोआप वाचला. आलेल्या अठरा जणांना मामांनी तीन गटांत विभागले : पाणी, चहा आणि स्वच्छता. नवरी स्वच्छता गटात होती. मधुचंद्र म्हणजे पंधरा दिवसांचे श्रमदान शिबिर, एका गावाचा रस्ता. मुलांचा मुक्काम देवळात, मुलींचा शाळेत. मामांनी नियमाला अपवाद करू दिला नाही. पंधरा दिवसांत दोघांची भेट झाली ती घमेले हातातून हातात देताना. मामींची तळटीप : “घमेलं रिकामं होतं, तेही मला परत भरून द्यायला लावलं.”

आता १२ जुलै १९६१. पानशेत फुटल्याची बातमी आली तेव्हा मामा छापखान्यात निघाले होते. ते घराकडे वळले नाहीत. शिट्टी तोंडात धरून शनिवारातल्या बोळाबोळांतून ते माणसांना बाहेर काढत धावत राहिले. म्हातारी माणसे पाठीवर घेतली, एका घरातला पोपटाचा पिंजरा वाचवला. त्या वेळी नारायण पेठेत मामी वर्षाचे मूल कडेवर आणि सासूसासरे पुढे घालून शेजारच्या वाड्याच्या माडीवर चढत होत्या. बारा वर्षांची माझी आई त्यांच्या पदराला धरून होती. पाण्याचा आवाज कसा होता हे आई अजून सांगते, आणि त्या पाठात मामा कुठेच नाहीत, वहिनी आहे.

पाणी ओसरल्यावर तीन दिवसांनी मामा मदतकेंद्रात चिखलातून उपसलेली भांडी धुऊन ज्याची त्याला पोचवत होते. एक मोठे तांब्याचे घंगाळ काही केल्या कुणी ओळखीना. मामा ते डोक्यावर घेऊन पेठापेठांतून ओरडत हिंडले. शेवटी मामी पिण्याचे पाणी आणायला हंडा घेऊन बाहेर पडल्या होत्या, त्यांनी पाहिले. घंगाळ आमचेच होते. काठावर माझ्या आजीचे नाव ठसठशीत कोरलेले. एवढ्या मोठ्या मुद्रितशोधकाला ते दिसले नव्हते! मामा म्हणत, नाव पाहिले, पण त्या नावाच्या पुण्यात बऱ्याच बायका असतील असे वाटले. मामी यावर तळटीप देत नसत. नुसत्या बघत.

इथे मला मामेभावाचा त्रोटक पाठ द्यायला हवा. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मामा त्याच दिवशी गेले. मामेभाऊ सात वर्षांचा, चार दिवसांनी त्याला विषमज्वर झाला. मामींनी तार केली. तार एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत राहिली, आणि मामा बाराव्या दिवशी दाढी वाढलेले, अंगावर धूळ, असे दारात उभे राहिले. मामी म्हणाल्या, “पाय धुऊन आत या.” ताप उतरला होता. शाळा सांभाळून मामींनी तो कसा उतरवला हे त्यांनाच ठाऊक. मामेभाऊ आता परदेशात असतो. शिट्टीचा आवाज ऐकला की तो अजून दचकतो. तो म्हणतो, “बाबा सगळ्यांचे होते. आम्ही रांगेत शेवटी उभे होतो, आणि रांग फार मोठी होती.” मामांच्या बाजूने यावर काही बोलावे असे पुष्कळदा मनात आले आहे, पण बोलण्यासारखे काही सापडलेले नाही. हे घर मामींच्या पगारावर चालले. मामांच्या बिनपगारी रजा पगारी कुणी केल्या, याचा हिशेब कुठल्याच स्मरणिकेत नसतो.

आणीबाणी पुकारली गेली तेव्हा मामांनी वळकटी बांधून दाराशी ठेवली. पोलीस आले नाहीत. आठवडा गेला, पंधरवडा गेला. ओळखीचे सगळे आत गेले, मामा बाहेरच. त्यांना तो अपमान वाटू लागला. ते रोज संध्याकाळी चौकीवरून मुद्दाम सावकाश चालत जात. अखेर ऑगस्टात एक तरुण शिपाई आला. मामा वळकटीसह इतक्या झपाट्याने निघाले की त्याला मागे धावावे लागले. येरवड्यात निरनिराळ्या विचारांची माणसे एकत्र कोंडलेली, त्यामुळे सकाळी कवायतीला दोन शिट्ट्या होत. मामांच्या मते आपली शिट्टी सुरेल होती. मामींची तळटीप मात्र घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध आहे : “संसारात ते अठरा महिनेच काय ते, हे कुठं आहेत ते मला नक्की माहीत होतं.”

१९७७ साली मामांच्या ओळखीची पुष्कळ माणसे निवडून आली. मामा सत्काराला गेले आणि खुर्च्या मांडून परत आले.

मला स्वतःला आठवतो तो १९९३ चा भूकंप. ३० सप्टेंबरची पहाट; पुण्यात अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचे ढोल अजून वाजत होते आणि तिकडे किल्लारीची घरे कोसळली. मी बारा वर्षांची, गणपती पाहायला मामांकडे राहिलेली. बासष्ट वर्षांचे मामा बातमी ऐकताच पिशवी भरू लागले. बाजूला पाहतात तो मामींचीही पिशवी भरून तयार. त्या वर्षी त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या.

“अगं, तू कुठं?”

“तुम्ही जाता तिथं. एवढी वर्षं काय करता ते बघते तरी.”

मामा महिन्याभराने परत आले, गुडघ्याने दगा दिला म्हणून. मामी राहिल्या. नळदुर्गला भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी सेवादलाने ‘आपलं घर’ उभारले, तिथे त्या कितीतरी महिने मुलांना शिकवत होत्या, त्यांच्या वेण्या घालत होत्या, तापात उशाशी बसत होत्या. इकडे मामा नारायण पेठेत स्टोव्ह पेटवायला शिकले. पेट्रोमॅक्सचा चाळीस वर्षांचा अनुभव, पण स्टोव्ह काही ऐकेना. दर आठवड्याला त्यांचे नळदुर्गला पत्र जाई : ‘आमटीत गूळ आधी की चिंच?’ उत्तरे पोस्टकार्डावर येत. बहुतेक तार उशिरा पोचण्याच्या वेगानेच. परत आल्यावर मामींनी शिट्टीचा कारभार ताब्यात घेतला, आणि आम्हां भाचरांना सकाळी सहापर्यंत झोपू देण्याची सुधारणा अमलात आली.

मामा २०११ साली गेले. ऐंशी वर्षांचे होऊन, झोपेत, कुणालाही रजेचा अर्ज करायला न लावता. पंधरा दिवसांनी मी आणि मामी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडून बसलो. पैसा नव्हता, ते अपेक्षितच होते. तळापासून वरपर्यंत वह्या होत्या. शिबिरांच्या हजेरीच्या वह्या, एकूण एक मामांच्या रेखीव अक्षरात. गाव, साल, नावे, आणि प्रत्येक नावापुढे शेरा. ‘मेहनती.’ ‘आवाज चांगला.’ ‘घरची आठवण काढतो, लक्ष ठेवावे.’ ‘जेवण कमी.’ नंतर मोठी झालेली काही नावे होती, त्यांच्यापुढेही तसलेच : ‘घमेले चुकवतो.’

१९५६ ची एक वही मामींनी स्वतःहून बाजूला काढली. पान उलटत उलटत त्या एका नावावर थांबल्या. माहेरचे नाव. पुढे शेरा होता : ‘सूचनांच्या वेळी हसते.’

मामींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचले.

“हसू नको तर काय करू,” त्या म्हणाल्या, “शिट्टी उलटी धरून फुंकत होते!”